दाजींची स्वखुशी

आमचे दाजी कधी कुणाचं अभिनंदन करत नसत आणि कधी कुणाला शिवीही देत नसत. पहिल्या गोष्टीचं मला काही वाटलं नसतं. आमच्या बेलापूर-श्रीरामपूरकडे दुसऱ्याचं कौतुक करायला तसंही कुणी मोकळं बसलेलं नसतं. पण शिवी न देणारा माणूस म्हणजे त्याला आतून काहीतरी झालेलं असणार, अशी माझी पक्की समजूत होती. दाजी श्रीरामपुरात ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवायचे. एकदा बारावीत पहिली आलेली मुलगी पेढे घेऊन घरी आली आणि पाया पडली. दाजींनी पेढा खाल्ला, हात पुसले आणि विचारलं, "छान झालं. पण तुझं काय त्यात?" मग त्या पोरीला शेजारी बसवून त्यांनी हिशोब मांडला. डोकं आईबापाकडून आलेलं, अभ्यासाची सवय थोरल्या बहिणीला बघून लागलेली, बहिणीला ती आजीच्या धाकाने लागलेली, आणि परीक्षेच्या महिन्यात लाईट गेली नाही ती वायरमनची कृपा. "मग तू काय केलंस?" पोरगी रडत घरी गेली. नापास झालेली पोरं मात्र दाजींकडून हसत बाहेर पडायची, कारण त्यांना हेच भाषण उलट्या बाजूने मिळायचं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. नाव मुरलीधर, गाव नेवाशाजवळ प्रवरेच्या काठावर, घर श्रीरामपुरात. माणूस स्वतःच्या मनाने काहीही करत नाही, हा त्यांचा सिद्धांत. तुम्ही चहा घेतला की कॉफी, लग्न केलं की पळून गेलात, सगळं मागच्या कारणांनी आधीच पक्कं झालेलं असतं. आपल्याला उगाच वाटतं की आपण निवडलं. माझ्या भोळ्या आईला वाटायचं, जावई मोठा देवभक्त आहे. ती कौतुकाने म्हणायची, "सगळं नशिबावर सोडून मोकळा झालाय बघ." त्यावर दाजी भडकायचे. "नशीब काय असतं, मामी? नशीब न्हाई. कारणं असत्यात. कारणाच्या मागं कारण, त्याच्या मागं आनखी कारण." आई मान डोलवायची आणि त्यांच्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढायची.

त्यांचं आवडतं वाक्य एक होतं. "पाटाचं पानी सोडलं की ते ज्या सरीत जायचं त्याच सरीत जातं. पान्याला वाटत असंल, वळलो ते आपनच." मी एकदा विचारलं, "आणि दाजी, दारं धरणारा जो बाप्या फावडं घेऊन उभा असतो, त्याचं काय? पाणी तो वळवतो की!"

"त्याला कोन वळवतं?"

"कोण म्हणजे? तोच वळतो."

"तुला असं वाटनारच," दाजी शांतपणे म्हणाले. "तुझा त्यात काय दोष न्हाई, बाळासाहेब."

हे असं. माणसाने चिडावं तरी कुणावर? तुम्ही चिडलात तर तेही त्यांना आधीच माहीत असायचं.

एकदा श्रीरामपूरच्या एसटी स्टँडवर त्यांचं पाकीट मारलं. मी बरोबर होतो. चोर जागेवरच सापडला आणि पब्लिकने त्याला धुवायला घेतलं. दाजी गर्दीत घुसले आणि दोन्ही हात वर करून म्हणाले, "थांबा, थांबा! ह्याच्या हातात काही नव्हतं!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अहो पाकीट होतं की!" दाजींनी तिथे, फलाटावर, चोर कसा घडतो यावर व्याख्यान दिलं. लोकांनी मारणं थांबवलं ते पटलं म्हणून नाही, तर ऐकून हात गळाले म्हणून. चोर बिचारा हात जोडून म्हणाला, "सर, तुम्हाला समजतंय तर मला सोडा की." दाजी म्हणाले, "सोडणं माझ्या हातात असतं तर सोडलं असतं रे." शेवटी पोलीस आले आणि त्याची सुटका झाली. गाडीत बसताना तो चोर माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता, ती मला ओळखीची होती. आमच्या घरातली सगळी माणसं दाजींशी बोलून उठली की तशीच बघायची.

माझं बेलापुरात बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. माझा सगळा धंदा माणसाच्या निवडीवर चालतो. दोन कंपन्यांच्या कांद्याच्या बियांची पाकिटं समोर ठेवायची आणि गिऱ्हाइकाला डोकं खाजवू द्यायचं. कॉलेजला सुट्टी असली की दाजी येऊन माझ्या दुकानात बसायचे, आणि माझं दिवसभराचं वाटोळं ठरलेलं. गिऱ्हाईक म्हणायचं, "सर, तुमी शिकलेलं मानूस. ह्यातलं कोंचं घेऊ?" दाजी म्हणायचे, "तू कोनतं घेनार ते पक्कं झालेलं हाय. कशाला तकलीफ घेतो?" ते बाबाजी अर्धा तास पाकिटांकडे बघत उभे राहायचे आणि "घरी इचारून येतो" म्हणून जायचे ते परत यायचेच नाहीत. मी दाजींकडे बघायचो. दाजी म्हणायचे, "ते जानारच हुतं."

बरं, स्वतः काही कमी चोखंदळ नव्हते. आठवडे बाजारात वांगी घ्यायला गेले की एकेक वांगं उचलून, देठ बघून, दाबून, पुन्हा खाली ठेवायचे. वांगी विकणारी मावशी देवाचा धावा करायला लागायची. मी एकदा म्हटलं, "दाजी, पिशवीत कोणतं वांगं येणार ते ठरलेलं आहे ना?"

"हाय की."

"मग?"

"तेच शोधतोय," दाजी म्हणाले.

या माणसाला घरात पुरून उरली ती फक्त आक्का. आक्का सातवी पास. वाद घालत नसे. दाजींचाच सिद्धांत उचलून ती त्यांच्या ताटात वाढायची. भाजी खारट झाली आणि दाजींनी तोंड वाकडं केलं की आक्का म्हणायची, "मी कुठं खारट केली? मागची कारनं असतील काहीतरी. खा गपगुमान." दाजी खायचे. गॅसची टाकी संपली आणि दाजी पेपरातून उठले नाहीत की ती स्वतः टाकी ओढत आणायची आणि म्हणायची, "बसा तुमी. तुमी उठनार न्हाई हे जगाच्या आरंभालाच पक्कं झालंय." मग दाजी उठायचे. त्यांच्या तत्त्वज्ञानाला धक्का न लावता त्यांच्याकडून काम करून घेणारी जगात एकटी तीच होती, आणि ती नसती तर हा माणूस उपाशी मेला असता, याबद्दल मला आजही शंका नाही.

दाजी रिटायर झाले त्याच्या पुढच्या वर्षी आक्काच्या पायांना सूज यायला लागली. बीपी बरीच वर्षं होतं, तिने ते अंगावर काढलं होतं. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्यात. डायलिसिस सुरू झालं, दर सोमवारी आणि गुरुवारी. चार-पाच तास ती त्या मशीनला बांधल्यासारखी पडून असायची आणि घरी आली की भिंतीकडे तोंड करून झोपायची. जी बाई घरात टाकी ओढायची, तिला तांब्या उचलवेना. मला ते बघवत नव्हतं. आई गेल्यावर माझी आई आक्काच झाली होती. आणि दाजी? दाजी बिछान्याजवळ खुर्ची घेऊन बसायचे आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगायचे, "असं कसं झालं म्हनजे? व्हायचंच हुतं. बीपी हुतं, गोळ्या टाळल्या, टाळनार न्हाई तर काय, तिच्या आईनंबी टाळल्या हुत्या." एक दिवस मी म्हणालो, "दाजी, आता तोंडातून कारण हा शब्द काढलात तर मी तुम्हाला उचलून बाहेर ठेवीन." ते गप्प बसले. मला वाटतं, मी खरंच उचलणार आहे हे त्यांना आधीच कळलं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं, घरातल्या कुणाची किडनी मिळाली तर बाई पुन्हा उभी राहील. मला शुगर, मला दारातूनच परत पाठवलं. त्यांची एकुलती मुलगी मनीषा पुण्यात, तिच्या मांडीवर तान्हं बाळ. आक्काने साफ सांगितलं, "लेकीचं घेतलं तर मी दवाखान्यातून उडी मारीन." राहिले दाजी. त्यांना बीपी नाही, शुगर नाही. काळजी करायचं काम त्यांनी कारणांवर सोपवलेलं, त्यामुळे तब्येत ठणठणीत. मी रोज त्यांच्या तोंडाकडे बघायचो. ते काही बोलायचे नाहीत. मी मनात त्यांना शिव्या घालायचो. हा माणूस आता म्हणणार, द्यायची का नाही ते पक्कं झालेलं आहे, आणि वांग्यासारखं दाबून बघत बसणार.

आणि एके दिवशी कळलं की हा गृहस्थ परस्पर सगळ्या तपासण्या करून आलाय. रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं. मी धावत त्यांच्या घरी गेलो. डोळ्यांत पाणी होतं माझ्या. पाय धरायला वाकलो तर दाजींनी पाय मागे घेतले.

"दाजी, तुम्ही ठरवलंत! मला एका शब्दाने सांगितलं नाहीत!"

"ठरवलं न्हाई. झालं ते."

"अहो, निदान आज तरी!"

"तुला आभार मानायचे असतील तर माझ्या आजोबांचे मान. रक्तगट त्यांचा हाय."

आपली किडनी काढून देणारा माणूस समोर उभा आहे आणि त्याला नमस्कार करायची सोय नाही, अशी वेळ कुणावर येऊ नये.

ऑपरेशन पुण्याला व्हायचं होतं. हॉस्पिटलच्या त्या मजल्यावर बायका नवऱ्यांना, आया पोरांना आणि बहिणी भावांना किडन्या द्यायला बसलेल्या होत्या. घेणारे बहुतेक पुरुष. बायकोला द्यायला आलेला नवरा बघायला दोन नर्सा दारातून डोकावून गेल्या. ऑपरेशनच्या आधी एक समिती असते. किडनी कुणी विकत तर घेत नाही ना, कुणी धाक दाखवून तर काढून घेत नाही ना, हे बघायला देणाऱ्याची मुलाखत घेतात आणि कॅमेऱ्यात रेकॉर्ड करतात. तिथल्या एका बाईंनी आम्हाला आदल्या दिवशी समजावलं होतं, की घाबरू नका, दोन मिनिटांचं काम आहे, स्वखुशीने देताय का विचारतील, हो म्हणायचं. स्वखुशीने! उभ्या जिल्ह्यात या प्रश्नाला सरळ उत्तर न देणारा एकच माणूस होता आणि तो माझ्या शेजारी बसून बिस्कीट खात होता.

मुलाखतीला जाताना मी गाडीत हात जोडले. "दाजी, आक्काच्या जिवाचा प्रश्न आहे. फक्त हो म्हणा. पुढे मागे काही जोडू नका."

"बघू काय निघतं तोंडातनं," दाजी म्हणाले.

मलाही नातेवाईक म्हणून आत बोलावलं होतं. मागच्या खुर्चीवर बसलो. समोर टेबलामागे डॉक्टर मंडळी, मधोमध अध्यक्ष मॅडम, बाजूला कॅमेरा. नाव, गाव, नातं झालं. किडनी दिल्यावर काय धोका असतो हे विचारलं, तर दाजींनी ते डॉक्टरांपेक्षा सविस्तर सांगितलं. मला जरा बरं वाटलं. मग मॅडमनी विचारलं, "ही किडनी तुम्ही स्वखुशीने, राजीखुशीने देताय ना?"

दाजींनी चष्मा काढला. ते चष्मा काढतात तेव्हा तासभर तरी घालत नाहीत, हे मला माहीत होतं.

"स्वखुशी म्हणजे नेमकं काय म्हणायचंय आपल्याला?"

"म्हणजे, कुणाचा दबाव नाही ना?"

"दबाव तर आहेच."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कुणाचा?"

"त्यासाठी फार मागे जावं लागेल," दाजी प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना हा प्रश्न मनापासून विचारत होतं. "माझ्या आईने मला जसं वाढवलं त्याचा. हिने मला टायफॉइडमध्ये महिनाभर मांडीवर घेऊन भात भरवला, त्याचा. लोक काय म्हणतील त्याचा. आणि हे आमचे मेहुणे सहा महिने माझ्याकडे ज्या नजरेने बघतायत, त्याचा."

टेबलामागची सगळी डोकी माझ्याकडे वळली. कॅमेरावाल्याने कॅमेराही वळवला.

"यांनी तुम्हाला काही धमकी दिली का?"

"एकदा उचलून बाहेर ठेवीन म्हणाले होते."

"अहो मॅडम, ते असंच बोलतात!" मी उठून ओरडलो. आता कॅमेऱ्यात ते कसं दिसलं असेल याचा विचार करा. तांबारलेल्या डोळ्यांचा, खतांचा दुकानदार, मास्तरच्या अंगावर ओरडतोय. मॅडम थंडपणे म्हणाल्या, "तुम्ही बाहेर थांबा." आणि प्रकरण थांबलं. देणाऱ्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, मग पुन्हा मुलाखत होईल, तोवर ऑपरेशन नाही. इकडे आक्काच्या हातातली डायलिसिसची नस दगा द्यायला लागली होती आणि तिला सारखा ताप येत होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, फार उशीर करू नका.

कँटीनमध्ये मी दाजींना धरलं. "एक हो म्हणायला काय बिल येत होतं तुम्हाला?"

"खरं इचारलं, खरं सांगितलं."

"आणि आक्काला काही झालं तर?"

"त्याला मग कारणं..."

"त्या कारणाचं नाव मुरलीधर असेल!" मी टेबलावर हात आपटला. चहा सांडला. दाजी रुमालाने टेबल पुसत बसले. टेबल कोरडं झालं तरी पुसतच होते. ते मी बघितलं, पण त्या वेळी मला त्यांची दया येत नव्हती.

मानसोपचारतज्ज्ञ तरुण होता. दाजी आत गेले ते बराच वेळ बाहेरच आले नाहीत. शेवटी दार उघडलं तेव्हा डॉक्टरचाच चेहरा पडलेला. तो मला म्हणाला, "तुमचे दाजी एकदम नॉर्मल आहेत." मग जरा थांबून म्हणाला, "मी मात्र डॉक्टर का झालो ते आता मला सांगता येत नाहीये."

श्रीरामपूरला परत आल्यावर मी सगळा प्रकार रागारागाने आक्काच्या कानावर घातला. गुरुवार होता, ती मशीनवर होती. दाजी पायाशी बसलेले. आक्काने सगळं डोळे मिटून ऐकलं. मग डोळे उघडून म्हणाली, "अहो, मला एक सांगा. किडनी कोन देतंय मला?"

"कोन म्हनजे? मी."

"न्हाई. तुमी कसे? तुमची आई देती. तो टायफाइड देतोय. बाळूचे डोळे देत्यात. मंग मी घेऊ कुनाकडनं?"

दाजी हसले. "आगं, किडनी चालायला ते लागत न्हाई."

"किडनीला लागत नसंल. मला लागतं." आक्काचा आवाज बारीक झाला होता, पण शेजारच्या पलंगावरची माणसंही ऐकायला लागली. "मी जलमभर तुमाला रांधून घातलं. तुमच्या हिशोबानं ते आपोआप झालं. माझ्या हिशोबानं ते मी केलं. कितीदा वाटायचं, आज उठूच नये, कशाला मरमर करायची. तरी उठले. मी उठले, दुसरं कुनी उठवलं न्हाई मला. तसं देनार असाल तर द्या. आपोआप गळून पडलेलं मला नको."

"शकू, येड्यासारखं बोलू नको."

"मी बोलले. मी हाय इथं मशीनवर तेवढी बरी."

मला वाटलं, रागाच्या भरात बोलली असेल. दुसऱ्या दिवशी तिने माझ्याच फोनवरून पुण्याच्या हॉस्पिटलातल्या त्या समजावणाऱ्या बाईंना सांगितलं की पेशंटचीच तयारी नाही, ऑपरेशन करायचं नाही. मी पाया पडलो तिच्या. मनीषा फोनवर रडली. आक्का हलली नाही. आता जिचा जीव जायचा तीच हट्टाला पेटलेली आणि ज्याने द्यायचं तो तत्त्वाला धरून बसलेला. मला तर दोघांनाही एका पोत्यात घालून प्रवरेत सोडावंसं वाटत होतं.

त्या आठवड्यात दाजी माझ्या दुकानात आले. नेहमीच्या स्टुलावर बसले. एक म्हातारा गिऱ्हाईक दोन पाकिटं हातात धरून त्यांना विचारत होता, "सर, कोंचं घेऊ?" दाजींनी त्याच्याकडे बघितलं, पाकिटांकडे बघितलं आणि काहीच बोलले नाहीत. म्हाताऱ्याने त्यातलं एक घेतलं, पैसे दिले आणि गेला. दाजी त्याच्या पाठीकडे रस्ता संपेपर्यंत बघत होते. मग मला म्हणाले, "पुण्याला फोन लाव. येतो म्हनावं." एवढंच. मी पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तोही एक दबाव झाला असता.

दुसऱ्या मुलाखतीला आक्काही होती, व्हीलचेअरवर. मला आत येऊ दिलं नाही, पण दार अर्धवट उघडं होतं आणि मी दाराला चिकटून उभा होतो. मॅडमनी तोच प्रश्न विचारला. दाजींनी चष्मा काढला नाही. ते मॅडमकडे बघतच नव्हते, आक्काकडे बघत होते.

"हो," ते म्हणाले. "मी देतोय. माझ्या मनाने. मला 'नाही' म्हणता आलं असतं. मी ते म्हणत नाही."

आक्काने पदराने डोळे पुसले. मॅडम तिला विचारणार तेवढ्यात तीच म्हणाली, "मंग घेते मी."

बाहेर आल्यावर मला राहवलं नाही. "म्हणजे पटलं तर शेवटी, दाजी!"

"काय पटायचंय?" दाजी बाकावर बसून बुटाची लेस बांधत होते. "खोटं बोललो. साफ खोटं. कॅमेऱ्यासमोर."

"आँ? कशाला?"

"ठरवलं," दाजी म्हणाले, आणि लेस हातात धरून तसेच बसून राहिले. मग उठून एकटेच चहा घ्यायला गेले.

ऑपरेशन नीट पार पडलं. आक्का हळूहळू उभी राहिली, पुन्हा टाकी ओढायला लागली, ओढू नको म्हटलं तर ऐकेना. दाजींचं दुकानात येणं आणि माझं गिऱ्हाईक पळवणं पुन्हा सुरू झालं. सिद्धांत जागच्या जागी होता. फक्त भाजी खारट झाली तर ते आता "मीठ जास्त घातलंस तू" असं म्हणायला लागले होते, आणि आक्का त्यावर खूष होऊन भांडायची.

चांगली काही वर्षं गेली. गेल्या हिवाळ्यात दाजी सकाळी फिरून आले, पेपर घेऊन बसले आणि खुर्चीतच गेले. हार्ट. आक्काने डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारलं आणि त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं, की याचा किडनीशी काही संबंध नाही.

दशक्रिया त्यांच्या गावी, प्रवरेच्या घाटावर. आमच्याकडे दशक्रिया म्हणजे छोटी सभाच. प्रवचनकार महाराज येतात, पुढारी येतात, माईक असतो. महाराजांनी दाजींना कधी बघितलं नव्हतं, त्यामुळे ते फार सुंदर बोलले. माणूस निमित्तमात्र असतो, देणारा वेगळाच आहे, असं ते सांगत होते. पुढारी एकामागून एक श्रद्धांजल्या वाहत होते. त्यातल्या एकाने दाजींना गणिताचे प्राध्यापक केलं. मग पिंड ठेवला आणि सगळे मागे सरकले. कावळा लिंबावर बसला होता. खाली येईना.

झालं. माणसं कोड्यात पडली. काय इच्छा राहिली असेल सरांची? ज्या माणसाने आपल्याला इच्छा असते हेच कधी कबूल केलं नाही, त्याची राहिलेली इच्छा शोधायला अख्खं गाव कामाला लागलं. एकजण म्हणाला, कॉलेजला फोटो लावू. एकाने वाचनालय काढायचं कबूल केलं. मीसुद्धा पुढे जाऊन म्हणालो, "दाजी, आक्काला अंतर देणार नाही." कावळ्याने मान वाकडी करून बघितलं आणि पुन्हा पंख चोचीने साफ करायला घेतले. ऊन तापलं. तेव्हा बायकांच्या घोळक्यातून दाजींच्या चुलतीचा आवाज आला. हळू बोलली, पण सगळ्यांना ऐकू येईल असं हळू. "एका किडनीवर मानूस किती वढनार? हिच्यापायी गेला माझा मुरली. इच्छा तीच आसंल."

मी आक्काकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, आता ही इथेच कोसळणार.

आक्का उठली. बायकांमधून वाट काढत पिंडासमोर येऊन उभी राहिली. आमच्याकडे बाया तिथे येऊन बोलत नाहीत, म्हणून माईकवाल्याने घाईघाईने माईक बंद केला. त्याची गरज नव्हती.

"ह्या मानसाला जलमभर इच्छा नव्हती," ती म्हणाली. "एकदाच झाली. ती त्यांनी चार मान्सांत तोंडानं बोलून दाखवली आन् माज्या अंगात ठिवून गेले. मी हिसकावली न्हाई. देवानं न्हाई दिली, महाराज. त्यांनी दिली. राहिलेलं कायबी न्हाई त्यांचं." मग पदर खोचून तिने घाटावर सगळीकडे एकदा नजर फिरवली. "उठा आता. मान्सं उपाशी हायेत."

ती घाटाच्या पायऱ्या कुणाचा हात न धरता चढली. मी तिच्या मागून चालत होतो आणि हमसून हमसून रडत होतो, माझ्या त्या वाटोळं करणाऱ्या दाजींसाठी. मागे माणसं भराभर उठत होती, चुलतीसुद्धा उठली. कावळा अजून लिंबावरच होता. त्याच्यासाठी कुणीच थांबलं नाही.